एक्केचाळीस वाचक

पडद्यावर एक्केचाळीस हा आकडा उमटला तेव्हा तिच्या हातातला चहाचा कागदी पेला जरासा चेपला गेला. एवढंच झालं. चहा सांडला नाही, शेजारी बसलेल्या कारकून बाईंचं लक्षही गेलं नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नवे ग्रंथपाल, तिच्याहून वीस वर्षांनी लहान, नेहमी नुकतीच अंघोळ करून आल्यासारखे दिसणारे, हातातलं बटण दाबत वर्षभरातले उपक्रम आणि सुधारलेल्या सेवा एकामागून एक दाखवत होते. पुस्तक आता वाचक स्वतःच यंत्रावर ठेवून नोंदवून नेतो. परत करायची तारीख जवळ आली की फोनवर निरोप जातो. वाचनकक्षातली खुर्ची घरबसल्या राखून ठेवता येते. ती देवघेव विभागाची प्रमुख. ह्यातलं निम्मं काम तिनंच उपसलं होतं, आणि पडद्यावर तिचं नाव कुठं नव्हतं ह्याचं तिला काही वाटत नव्हतं. मग ग्रंथपाल म्हणाले, शेवटची सेवा आपल्या लेखक-प्राध्यापकांसाठी आहे. आपलं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं, हे आता लेखकाला घरी बसून बघता येईल. नमुना म्हणून आपल्या मॅडमच्याच घरातलं पुस्तक घेतलंय. तिच्या नवऱ्याच्या पुस्तकाचं करड्या रंगाचं मुखपृष्ठ पडदाभर आलं, खाली 'गेल्या आठ वर्षांत', आणि त्याखाली तो आकडा. टाळ्या पडल्या. नवरा पहिल्या रांगेत बसला होता, पाहुणा म्हणून बोलावलेला. मागून तिला त्याची मान तेवढी दिसत होती. ती मान आधी ताठ झाली, मग हळूहळू लाल होत गेली. इतकं वाचलं जाणारं पुस्तक, ग्रंथपाल म्हणाले, तेव्हा 'लेखक-वाचक भेट' हा नवा उपक्रम आपण सरांपासूनच सुरू करू. ह्या पुस्तकाच्या झाडून सगळ्या वाचकांना संगणक आपोआप निमंत्रणं धाडील. पंधरा दिवसांनी, गुरुवारी, चार वाजता.

त्या एक्केचाळीस वाचकांना ती एकटीच ओळखत होती. ते सगळेच्या सगळे तीच होती.

आठ वर्षांपूर्वी नवरा निवृत्त झाला. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि संध्याकाळी ती कामावरून परत आली की तसाच बसलेला असायचा. ताटातलं चिवडायचा. बोलायचा नाही. न बोलण्याचेही प्रकार असतात. त्याचं न बोलणं भिंतीतल्या ओलीसारखं होतं, ती ज्या खोलीत जाईल तिथं तिच्या आधी पोचलेलं असायचं. असे सहा महिने गेल्यावर एका संध्याकाळी त्यानं एकाएकी विचारलं, माझं पुस्तक नेतं का गं कुणी? ती भाजी निवडत होती. दिवसभर उभी राहून पाय भरून आले होते. नेतात की, ती म्हणाली, कालच एका मुलीनं नेलं. तोंडातून गेलं ते गेलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला, स्वतःचा कप त्यानं स्वतः विसळला, आणि ती मुलगी कुठल्या वर्गाची, दिसायला कशी, असं खोदून खोदून विचारत राहिला. घरात वारा शिरला. तिला वारा हवा होता. तो कुठल्या फटीतून आला ह्याच्याशी तिला काय करायचं होतं? पुढं ती सवयच झाली. घर कोंदलं की एक वाचक. मग एकदा तो न सांगता ग्रंथालयात आला, सरळ कपाटाशी गेला आणि पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी त्यानं उघडून पाहिली. शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा. घरी आल्यावर तिच्याकडे बघत राहिला. दुसरी प्रत जाते, ती घाईघाईनं म्हणाली. दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत तिनं दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, पुस्तक स्वतःच्या कार्डावर काढलं आणि पंधरा दिवस आपल्या मेजाच्या खालच्या खणात ठेवून दिलं. खोट्याला पाय नसतात म्हणतात; तिनं ते दिले.

वाचक मात्र तिला रचावे लागायचे. एक दम्याची मुलगी होती, जिना चढताना दोनदा थांबणारी. एक पोस्टात नोकरी करून शिकणारा माणूस होता, पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेणारा. ही माणसं तिला जेवायला बसल्यावर सुचत, पहिल्या दोन घासांत. नवऱ्याचा जीव दम्याच्या मुलीवर होता. एका थंडीत बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की ती मुलगी इस्पितळात आहे, आणि तो दोन दिवस अस्वस्थ. बरी आहे का ती, विचारलंस का कुणाला? शेवटी तिला त्या मुलीला बरं करावं लागलं. हे ती प्रेमानं करत होती का? ग्रंथालयातून घरी चालत येताना हा प्रश्न तिला कधी कधी पडायचा आणि उत्तर यायच्या आत घर यायचं. कुत्रं भुंकू नये म्हणून त्याच्यापुढं तुकडा टाकतात. त्याला कुणी भूतदया म्हणत नाही. पण मग तो हसून जेवायला लागला की तिच्या छातीत जे सैल व्हायचं, ते काय होतं?

पुस्तक तिनं कधीच वाचलं नव्हतं. पूल होण्याआधी लोक नदी पायी कुठं कुठं ओलांडायचे, त्या उतारांचं ते पुस्तक. सात वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या त्यानं त्या नदीच्या काठाकाठानं घालवल्या होत्या, आणि ती सात वर्षं म्हणजे तिच्या संसाराची पहिली सात वर्षं. मुलगी तीन वर्षांची असताना तापानं फणफणली. अकरा दिवस ताप. ती एकटी, औषधाचा चमचा, ओल्या फडक्याचा वास, खिडकीबाहेर लोकांची चाललेली सुट्टी. बाराव्या दिवशी तो आला, बुटांना चिखल, गालांवर ऊन, आणि उंबऱ्यातच सांगायला लागला की एका ठिकाणी पाण्याखाली दगडी फरशा सापडल्या, माणसांनी बसवलेल्या, ओळीनं. पोरगी कशी आहे हे त्यानं विचारलं, नाही असं नाही. फरशांनंतर विचारलं. तेव्हाचा त्याचा तो चेहरा तिला आजही जसाच्या तसा दिसतो, आतून दिवा लावल्यासारखा. तसा चेहरा तो घरातल्या कुठल्याच गोष्टीसाठी कधी करत नसे. पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं फक्त अर्पणपत्रिकेचं पान उघडलं. त्यावर एकच शब्द होता: 'नदीस'. तिनं पुस्तक मिटलं, ते मिटलंच. सवतीला निदान तोंड तरी असतं, तिच्याशी भांडता तरी येतं.

पडद्यावरच्या त्या आकड्यानंतर नवरा बदलला. जुन्या वह्या माळ्यावरून खाली आल्या. त्यानं केस कापून घेतले. दुसऱ्या आवृत्तीचं बोलू लागला. आठ वर्षांत एक्केचाळीस म्हणजे, अगं, थोडे नाहीत. दम्याची मुलगी येईल का, आता ती शिकून बाहेर पडली असेल, नाही? पोस्टातल्याला साहेब सुट्टी देईल का? ती हो म्हणायची, बघू म्हणायची, पाणी आणायला उठायची. आणि तिसऱ्याच दिवशी, देवघेवीच्या टेबलाशी उभी असताना, तिचा फोन थरथरला. आपण वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाला प्रत्यक्ष भेटा, असा निरोप होता, खाली वार, वेळ आणि ग्रंथालयाचं बोधचिन्ह. ती यंत्रासमोर रांगेत उभ्या असलेल्या मुलांकडे बघत राहिली. कुणाचाच फोन वाजला नाही. कुणाचा वाजणार?

ग्रंथपालांनी तिला खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मॅडम, निमंत्रणं किती गेली माहीत आहे? एक. तुम्हाला."

"मिळालं," ती म्हणाली.

"एक्केचाळीस वेळा तुम्हीच?"

तिनं मान हलवली. खिडकीच्या काचेवर एक माशी चढत होती आणि घसरत होती. ग्रंथपाल बराच वेळ बोलले. भावना समजतात, असं म्हणाले. पण आकडा वार्षिक अहवालात गेलाय, अहवाल वर गेलाय, आणि नोंदींवरचा विश्वास हाच ग्रंथालयाचा पाया; तेव्हा लेखी खुलासा लागेल, कारणासहित, कार्यक्रमानंतरच्या सोमवारपर्यंत. कार्यक्रम मात्र रद्द करता यायचा नाही. मोठ्या मंडळींना पत्रिका गेल्यात. खुर्च्या भरायचं मी बघतो, आणि सरांना ह्यातलं काही कळू द्यायची गरज नाही. ती उठून दारापर्यंत गेली तेव्हा ते मागून, जरा हसूनच म्हणाले, "तसं त्या विभागाच्या पुस्तकांत ते पहिलं आलंय, मॅडम. दुसरं सात वेळा गेलंय." जिन्यात आल्यावर तिला त्या सात वेळांचं कोडं पडलं. तीही कुणाची बायको असेल, असं मनात आलं आणि तिला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून ती जिन्यातच उभी राहिली. वरून येणाऱ्या दोन मुली तिला रडू येतंय असं समजून भिंतीला चिकटून गेल्या.

मंगळवारी ती पुस्तकाची प्रत घेऊन तळघरात गेली. तिथं बाइंडर बसायचा. सत्तावीस वर्षं तो तिथं फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवत होता आणि अंगाला कायम खळीचा आंबूस वास, म्हणून सगळे त्याला खळकाका म्हणत. नव्या सेवांच्या यादीत त्याचं काम नव्हतं. फाटलेलं पुस्तक आता बांधत नाहीत, त्याची छायाप्रत करून ठेवतात. तिनं प्रत त्याच्या पुढ्यात ठेवली. गुरुवारी मेजावर ठेवायचंय, जरा हाताळलेलं दिसायला हवं, असं ती म्हणाली आणि आपलंच वाक्य कानावर पडल्यावर तिचे कान तापले. खळकाकानं पुस्तक उचललं, मध्यावर उघडलं. पाठीतून कटकन आवाज आला. शेवटच्या पानावरचे शिक्के त्यानं पाहिले, मग पुन्हा शिवण पाहिली, अंगठा फिरवून.

"शिवण एकदासुद्धा वाकलेली नाही हिची," तो म्हणाला. "ठेवून जा. उद्या देतो."

कुणापाशी बोलू नका, असं तिनं सांगितलं. मी कुणाशी बोलतो, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगायचं ठरवलं. सांगितलं तर काय होईल हे तिनं आठ वर्षं घोकलं होतं. त्याचा हात छातीकडे जाईल, तो खुर्चीत बसेल आणि मग उठणारच नाही. उठला तरी ते पहिलं न बोलणं परत येईल आणि ह्या वेळी कायमचं राहील. डॉक्टरांचा नंबर तिनं फोनमध्ये सगळ्यात वर ठेवला होता. तो मेजाशी बसून भाषणाचे कागद लावत होता. ती समोर बसली. फारसं कुणी येणार नाही कदाचित, हल्ली लोकांना वेळ नसतो, असं तिनं सुरू केलं. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. एक्केचाळिसांतले पाच तरी येतील, तो म्हणाला, मला पाच पुरेत. आणि मग, कागद सरळ करता करता, अगदी हळू: तुझ्यामुळं कळलं तरी मला, नाहीतर मी समजत होतो की ते सगळं वायाच गेलं. हे ऐकल्यावर तिनं सांगायचं ते राहू दिलं. तिला राग आला. कुणाचा, हे तिला सांगता आलं नसतं. आभार मानायला त्याला तीस वर्षं लागली होती, आणि मानले ते कशाचे, तर ह्याचे.

गुरुवारी खुर्च्या भरल्या होत्या. कार्यालयातले बारा जण, सुरक्षारक्षक, वाचनकक्षातून उठवून आणलेली मुलं, ती मांडीवर आपापली पुस्तकं उघडून बसलेली. ती तिसऱ्या रांगेत होती. नवरा चाळीस मिनिटं बोलला. चांगलं बोलला की वाईट हे तिला कळलं नाही, कारण ती फक्त त्याचे डोळे पाहत होती; ते एकेका मुलीपाशी थांबत होते, ती श्वास कसा घेते ते बघत होते आणि पुढं सरकत होते. मग ग्रंथपालांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? शांतता. पंख्याचा आवाज. ही एक्केचाळीस जणांची शांतता, तिला वाटलं. एक कारकून उठला आणि त्याला दिलेला प्रश्न त्यानं कागदावर बघून विचारला: ह्या पुस्तकाची प्रेरणा काय? नवऱ्यानं उत्तर दिलं. ग्रंथपाल आभाराला उठत होते, तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. खळकाका होता, कमरेला कामाचं फडकं तसंच, हातात ती प्रत, बुधवारी द्यायची राहिलेली.

"पान एकशे अडतीस," तो म्हणाला. "नकाशा चुकलाय, सर."

सगळे वळून बघायला लागले. खळकाका कुणाकडे बघत नव्हता, पुस्तकाकडेच बघत होता. तुम्ही उतार वळणाच्या वरच्या अंगाला दाखवलाय, त्यानं सांगितलं. तो खालच्या अंगाला होता. वरच्या अंगाला डोह आहे, तिथं पाण्यात पाय टाकला असता तर माणूस परत दिसला नसता. माझा आजा त्या उतारावर लोकांना हात धरून पार करायचा. मी त्याच्या खांद्यावर बसून गेलोय. रात्री वाचताना तिथवर आलो आणि अडलो.

तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. आता, तिला वाटलं. आता पडेल. नवऱ्यानं चष्मा काढला. इतक्या माणसांसमोर त्याची चूक आजवर कुणी दाखवली नव्हती, आणि घरात ती कुणी दाखवायची नसते.

"मला तो पलीकडच्या काठावरून दाखवला होता, हातानं," तो हळू म्हणाला. "पाणी फार होतं तेव्हा. मी पार गेलोच नाही." आणि मग: "तुम्ही काढून दाखवाल मला?"

तो व्यासपीठावरून खाली आला. गुडघा दुखत होता तरी हाताचा आधार न घेता आला. तिच्या खुर्चीजवळून जाताना तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला चिखलाचे बूट आठवले, ऊन लागलेले गाल आठवले. तोच चेहरा. आठ वर्षं, एक्केचाळीस वेळा, घासाघासाला रचलेली ती सगळी माणसं, आणि त्यांतल्या एकालाही तो चेहरा आणता आला नव्हता. तो ह्या माणसानं एक चूक सांगून आणला. दोघं बोलत बोलत तळघराकडे गेले. ग्रंथपाल आभार मानत राहिले. सहा वाजता ती खाली गेली तेव्हा दोघं जमिनीवर पुठ्ठा पसरून बसले होते, आणि नवरा खडूनं नदी काढत होता. तिला बघून तो म्हणाला, तू हो पुढं.

रविवारी पहाटेच तो निघाला. खळकाका बसथांब्यावर उभा राहणार होता. दोघं मिळून तो उतार बघून येणार होते. तिनं दोघांचं खाणं बांधून दिलं. तो दाराशी स्टुलावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता आणि आपल्याशीच बोलल्यासारखा बोलत होता. एक्केचाळिसांतलं एकही माणूस आलं नाही बघ. बरं झालं. आले असते तरी काय? एकालाही ती चूक दिसली नाही. नेलं असेल, वाचलं नसेल कुणी. ती भिंतीला टेकून उभी होती. तोंड उघडलं तेव्हा तिला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"मीच नेत होते. सगळ्या वेळा. ती दम्याची मुलगी नव्हतीच. कुणीच नव्हतं."

त्याचा हात नाडीवर थांबला. तिनं त्या हाताकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं, फोन कुठं ठेवलाय हे आठवलं. त्यानं नाडीची गाठ पूर्ण मारली, दुसऱ्या बुटाचीही मारली, आणि मग मान वर केली.

"मग तुला कशी नाही दिसली चूक?"

"मी उघडलं नाही कधी."

"हं," तो म्हणाला. त्यात आश्चर्य नव्हतं, रागही नव्हता. पावसाची चौकशी केल्यावर म्हणतात तसं हं. डबा पिशवीत टाकून, कठडा धरून तो एकेक पायरी उतरत गेला. मधल्या वळणावर जरा थांबला, तेव्हा ती पुढं झाली. पण तो पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. मग खालचं दार वाजलं. ज्या माणसाला काचेसारखं जपायचं म्हणून तिनं आठ वर्षं श्वास धरला होता, तो काचेचा नव्हताच. त्याला वाचक हवे होते, तिची काळजी नको होती. आणि काळजी सोडून तिच्यापाशी द्यायला दुसरं काही उरलंच नव्हतं. दार उघडंच होतं. तिला ते लावायचंही सुचलं नाही, ती उभीच राहिली, जिन्यात खालच्या मजल्यावरच्या दुधाच्या पिशव्यांचा आवाज होईपर्यंत.

मग ती आत आली, मेजावरच्या त्याच्या वह्या बाजूला सारल्या आणि ग्रंथपालांनी दिलेला कागद पुढं ओढला. खुलासा उद्या द्यायचा होता. तिचं अक्षर चांगलं होतं, सगळं आयुष्य नोंदी करण्यात गेलेलं. सदर पुस्तक, तिनं लिहिलं, मी आठ वर्षांत एक्केचाळीस वेळा माझ्या कार्डावर बाहेर काढले. एकदाही वाचले नाही. खाली कारणाची मोकळी जागा होती, चांगल्या पाच-सहा ओळींची. ती बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिली. एकदा तिनं पेन टेकवलं आणि उचललं. खालच्या रस्त्यावरून पहिली बस गेली. मग, रजेच्या अर्जावर लिहावा तसा, तिनं एकच शब्द लिहिला, घरगुती, आणि खाली सही केली.